वीज पडल्यावर येणारा माणूस

भाऊंची मोपेड गावात शिरली की आधी पोरं गप्प व्हायची. मग त्यांच्या आया दारात येऊन एकेकाला नावानं हाका मारायच्या. सगळी दिसली की आत घेऊन कडी घालायच्या. भाऊ कुणाशी बोलत नसत. मोपेड झाडाखाली न लावता उघड्यावर लावायची, गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट वाजवत चार पावलं चालायचं, नाक वर करून हुंगायचं आणि समोर जो म्हातारा बसला असेल त्याला विचारायचं, "कुठी पडली जी?"

म्हाताऱ्याला काही माहीत नसायचं. गडगडलेलं त्यानं ऐकलेलं असायचं, पण गडगडलं की वीज कुठं ना कुठं पडतेच, त्यात सांगण्यासारखं काय! मग अर्ध्या तासानं शिवाराकडून कुणीतरी धापा टाकत यायचं. कधी बैल, कधी शेळ्या, कधी मोहाचं झाड उभं चिरलेलं. कधी माणूस. बातमी यायच्या आधी हा माणूस गावात येऊन उभा. आता तुम्हीच सांगा, गावानं काय समजायचं?

मी त्यांच्या हाताखाली तीन उन्हाळे काढले. हाताखाली म्हणजे कागदावर ते माझ्या हाताखाली होते. मी चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकची डिप्लोमावाली, प्रकल्प सहायक. ते राखणदार. पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या चपलांकडे बघून "ह्या घालून मराले आल्या काय म्याडम?" असं विचारलं, आणि कोण कुणाच्या हाताखाली ते तिथंच ठरून गेलं. संध्याकाळपर्यंत माझ्यासाठीही एक गमबुटांची जोडी आली. दोन नंबर मोठी होती. मे महिन्यात गमबूट घालून बघा एकदा.

आमची खोली सिरोंच्याच्या वाटेवर, जंगलखात्याच्या जुन्या लाकूड डेपोत होती. भोवती सागाचे ओंडके, त्यांवर वाळवी, आणि मधोमध एक उंच खांब. तो खांब म्हणजे आमचा कान. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांनी करार केला होता. विजा आपल्याच डोक्यावर जास्त पडतात, आणि त्या ऐकायची यंत्रं मात्र श्रीमंत देशांकडून विकत घ्यायची, हे कशाला? आपण तिघं मिळून करू. म्हणून आवाज टिपणारा डबा आपला, अँटेना आफ्रिकेची आणि गणित ब्राझीलचं. तिन्ही देशांत ठिकठिकाणी अशा खोल्या होत्या. आमची जंगलात होती, कारण विजेच्या तारांची गुणगुण तिथं कमी.

यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी. एकट्या खोलीला वीज फक्त ऐकू येते. ती कुठं पडली ते कळत नाही. तोच कडकडाट दूरदूरच्या चार खोल्यांनी ऐकला, आणि प्रत्येकीनं आपल्याकडे तो नेमका कधी पोचला ते कळवलं, तरच ब्राझीलमधलं यंत्र जागा काढतं आणि आमच्या पडद्यावर लाल ठिपका टाकतं. म्हणजे आमच्या मागच्या टेकडीवर वीज पडली तर ती टेकडीवर पडली हे आम्हाला ब्राझीलहून कळायचं. माझे वडील कोरपन्याला सिमेंटच्या कारखान्यात होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागून पाणी प्यावं लागलं.

खोलीत एक स्पीकर दिवसभर चालू असायचा. त्यातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज यायचा. चर्र, टक्, चर्र. पहिला आठवडा माझं डोकं उठलं. भाऊ मात्र त्याच्याशेजारी भाजी निवडत बसायचे आणि मधेच म्हणायचे, "हे आपली नाई म्याडम. समुद्राच्या पल्याडची आहे." मी पडद्याकडे बघायची. ठिपका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. "हे आपली. पण दूर आहे, बस्तरात." ठिपका बस्तरात. मला वाटलं, हा माणूस चोरून पडदा बघतो. मी पडदा भिंतीकडे फिरवला. तरीही दहातले नऊ बरोबर. मग मी तो नाद सोडला. तीस वर्षं लाईनमन म्हणून विजेच्या तारांवर काढलेल्या माणसाला कान येत असेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

पण एकदा जेवताना ते थांबले. भाताचा घास हातात तसाच. स्पीकरमध्ये नेहमीसारखंच चर्र झालं होतं, मला तरी नेहमीसारखंच.

"हे माणसावर पडली," ते म्हणाले.

मी चिडले. आवाजावरून जनावर की माणूस की झाड, हे कळणं शक्यच नाही. तसं काही शास्त्रात नाही. मी तसं सांगितलंही. त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि मोपेड काढली. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. गुराखी होता.

कसं कळलं म्हणून मी फार खोदून विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आवाज झाल्यावर मागं थोडी जागा राह्यते म्याडम. खाली जागा. बाकीच्यायच्या मागं नाई राह्यत." त्यानंतर कित्येक दिवस मी ती रिकामी जागा ऐकायचा प्रयत्न केला. मला ती कधी ऐकू आली नाही, आणि त्याचं मला अजूनही बरंच वाटतं.

भाऊ पायाळू होते. म्हणजे पायाकडून जन्मलेले. पायाळू माणसावर वीज पडते, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. आभाळ आलं की भाऊंच्या शेजारी कुणी बसत नसे. आईनं लहानपणी त्यांना पावसाळाभर माजघराबाहेर पडू दिलं नव्हतं. अशा मुलानं मोठेपणी विजेच्याच खात्यात लाईनमन व्हावं, यावर ते स्वतःच हसायचे. "ते मले शोधून राह्यली, मी तिले शोधून राह्यलो. भेट होत नाई." आमचं घर बौद्ध. तिथं पायाळू-बियाळू चालत नाही. वडील म्हणायचे, माणूस डोक्याकडून आला काय अन् पायाकडून आला काय, भूक सारखीच लागते. मी भाऊंना हे ऐकवलं तर ते म्हणाले, "तुमच्या बाबायचं बरोबर आहे. पण विजेले कोण सांगन?"

आता ही मोपेडची गोष्ट. गावोगाव जाणं आमच्या कामात नव्हतं. प्रकल्पाच्या कुठल्याही कागदात तसं लिहिलेलं नव्हतं. ते सुरू झालं माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात, बुधवारच्या कॉलमुळे. दर बुधवारी आमच्याकडे पाच वाजले की तिन्ही देश पडद्यावर यायचे. ब्राझीलवाल्यांची सकाळची कॉफी, आफ्रिकेच्या बाईंची दुपार. या बाई तिथल्या खेड्यातलं केंद्र सांभाळायच्या, आणि पूर्वी नर्स होत्या. वयानं भाऊंएवढ्या, अंगानं भरलेल्या, हसल्या की पडदा हलायचा. भाऊ मागं स्टुलावर बसून ऐकायचे, मी अधूनमधून मराठी करून सांगायची.

त्या बुधवारी बाई सांगत होत्या की वीज लागलेल्या माणसाला लोक हात लावत नाहीत, आणि त्यानंच तो मरतो. वीज अंगात राहत नाही. ती येते आणि जाते. हृदय थांबलेलं असतं, छाती लगेच दाबत राहिलं तर कित्येकदा ते पुन्हा चालू होतं. मी हे सांगितलं आणि भाऊ स्टुलावरून उठले.

"विचारा त्यायले, हात लावला तं काई होत नाई?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, नाही.

"लगेच लावला तरी?"

लगेचच लावायचा, त्या म्हणाल्या.

"अजून एकडाव विचारा."

मी तिसऱ्यांदा विचारलं. बाई हसल्या नाहीत. तिकडच्या भाषेत काहीतरी हळू बोलल्या आणि मान हलवली. भाऊ बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं तर ते खांबाच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी उकिडवे बसले होते. त्या खड्ड्यात रोज सकाळी मिठाचं पाणी ओतणं हे त्यांचं व्रत होतं. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळीही ओतलं. बादलीवर बादली ओतत राहिले.

कारण त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. लाईनमनला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते मरेपर्यंत जात नाही. तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. लावलास की तूही चिकटलास. आधी लाईन बंद कर. भाऊंचा जोडीदार दहा हातांवर उभा होता. दोघांनी लाईन बंद करूनच काम काढलं होतं. आभाळ आलं, वीज त्याच्यावर पडली आणि तो खाली कोसळला. भाऊ जागच्या जागी उभे राहिले. भोवती माणसं जमली, त्यांना भाऊंनीच अडवलं. "कोणी हात नोका लावू, करंट आहे!" मग गावकऱ्यांनी रीतीप्रमाणे खड्डा खणला आणि अंगातली वीज उतरावी म्हणून त्याला गळ्यापर्यंत शेणात पुरलं.

"लाईन बंदच होती म्याडम. मीच बंद केली होती," भाऊ म्हणाले. "अन् त्याची पापणी हालली होती. मी पाह्यली."

दुसऱ्या दिवसापासून ते ठिपक्यांमागं जाऊ लागले. डेपोच्या आसपास ठिपका पडला की मोपेड निघायची. ब्राझीलचा ठिपका दोन-तीन किलोमीटर इकडं तिकडं असायचा. "ठिपका गावायेवढा, माणूस पाच फुटाचा," असं म्हणत ते शिवार तुडवायचे. धूर कुठं, कावळे कुठं, गुरं कुठून पळाली. आणि दर वेळी उशीर. कधी अर्धा तास, कधी खड्डा भरून झालेला. एकदा तरी माणूस जिवंत असताना पोचायचं, एकदा तरी हात लावायचा, एवढ्यासाठी तो माणूस जगत होता. मला हे माहीत होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मलाही त्यांनी शिकवलं. रोज सकाळी कोंड्याचं पोतं जमिनीवर आडवं टाकायचं आणि मी दोन्ही तळवे ठेवून दाबायचं. ते आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन, तीसपर्यंत, मग पुन्हा एकपासून. त्यांचा आवाज खर्जातला होता, आकडेसुद्धा कीर्तनात म्हटल्यासारखे लांबायचे. माझे हात भरून आले की ओरडायचे, "थांबू नोका, माणूस आहे ते, कोंडा नाई." त्यांनी स्वतः ते पोतं एकदाही दाबलं नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

इकडे गावांत त्यांचं नाव वाईट होत चाललं. पायाळू म्हातारा, त्यात डेपोत लोखंडी खांब रोवून बसलेला, आणि जिथं मरण तिथं हा आधी हजर. एका गावच्या दुकानदारानं त्यांना काडेपेटी द्यायचंही नाकारलं. मी हे बुधवारी आफ्रिकेच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही वीज पडत नाही, कुणीतरी पाठवतं. ज्याच्यावर संशय येतो त्याचं घर जाळतात.

"काय म्हणते बाई?" भाऊंनी विचारलं.

"म्हणतात, तिकडंही असंच आहे. घरं जाळतात."

भाऊ म्हणाले, "बरं आहे, माझं घर सरकारी डेपोत आहे. जाळाले परवानगी लागन." मी हसले. ते हसले नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्यात टेकडीपलीकडच्या एका गोंड गावचा गावपाटील स्वतः डेपोत आला. भला माणूस. बसला, पाणी प्याला. विडीच्या पानांचे, तेंदूपत्त्याचे दिवस होते. सगळं गाव पहाटे जंगलात पानं तोडून दुपारी फळीवर, म्हणजे पानांचे पुडे मोजून वाळत घालायच्या मैदानावर, असायचं. वर्षाची कमाई त्या पंधरा दिवसांची. गावपाटील हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमचं आमचं काई वैर नाई. पण हे दिवस आमच्या फळीकडं येऊ नोका. बायापोरं राह्यतेत तिथी."

"नाई येत," भाऊ म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला स्पीकर वाजला आणि भाऊ उभे राहिले. मी पडद्याकडे धावले. ठिपका यायला दोन मिनिटं लागली. आला तो नेमका त्या फळीवर.

मी मोपेडवर मागं बसले. टेकडीच्या वाटेनं फळी पाच मिनिटांवर होती. पाऊस नव्हता. ऊनही होतं आणि गडगडतही होतं, आणि झाडावर एक पाखरू बोलत नव्हतं. फळीवर पोचलो तर माणसांचं मोठं गोल रिंगण, आणि रिंगणाच्या मधोमध, सगळ्यांपासून दहा हात लांब, एक तरुण बाई उताणी पडलेली. केस एका बाजूनं करपलेले. भोवती पुडे विखुरलेले. दोन माणसं कडेला खड्डा खणत होती, बायका टोपल्यांतून शेण आणत होत्या. कुणी रडत नव्हतं. आम्हाला बघितल्यावर तर खणणाऱ्यांचे हातही थांबले.

गावपाटील पुढं आला. "सांगतलं होतं ना भाऊ," एवढंच म्हणाला. पण त्यांना अडवायलाही कुणी अंगाला हात लावेना. रिंगण आपोआप फाटलं. भाऊ आत गेले, गुडघे टेकले, दोन्ही हात पुढं केले.

आणि हात थांबले. तिच्या छातीपासून वीतभर वर. खाली जाईनात. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. घामानं डबडबलेलं, जबडा आवळलेला. मोठ्या ओझ्याखाली माणूस दिसतो तसे दिसत होते.

"भाऊ, दाबा!"

"होत नाई," ते म्हणाले. "पोरी, तू. तू लाव हात."

मला त्यांनी पोरी म्हणून हाक मारलेली ती पहिलीच. मी त्यांना बाजूला ढकललं आणि दाबू लागले. ते मागं सरकत सरकत दहा हातांवर जाऊन उभे राहिले, आणि तिथून आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. तोच खर्जातला लांबलेला आवाज. त्या सगळ्या मैदानावर तेवढाच आवाज होता. किती तीस झाले मला माहीत नाही. माझ्या हातांखाली ती बाई अचानक आचका देऊन हवा ओढू लागली तेव्हा मी घाबरून मागं पडले.

रिंगणातून एक म्हातारी आली आणि भाऊंच्या गमबुटांवर डोकं ठेवलं. मग दुसरी. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मला राग आला. हात माझे भरून आले होते. पण त्यांनी जे बघितलं ते असं होतं: मेलेली बाई, आणि लांब उभा राहून काहीतरी पुटपुटणारा पायाळू. त्याचं म्हणून झालं आणि बाई उठली. मधे मी कुणीतरी होते. ती बाई तालुक्याच्या दवाखान्यात आठवडाभर राहून चालत घरी आली.

त्यानंतर गावं त्यांना टाळेनाशी झाली. ते आणखी वाईट झालं. खांबाच्या पायथ्याशी हळद दिसू लागली, नारळ दिसू लागले. माणसं यायची, ओंडक्यांपलीकडे उभी राहायची, जवळ यायची नाहीत. औंदा आमच्या शिवारात पाडू नोका जी, म्हणायची. एक धट्टाकट्टा माणूस आला आणि भावाच्या शेताचा गट नंबर लिहिलेली चिठ्ठी ओंडक्यावर ठेवून गेला. पाडू नोका, असं मात्र म्हणाला नाही. ती चिठ्ठी वाचल्यावर भाऊ दोन दिवस जेवले नाहीत.

"मी हात नाई लावला, पोरी," ते रोज म्हणायचे. "दुनिया पाया पडते अन् मी हात नाई लावला. एकडाव मले लावाचा आहे. माझ्या हातानं."

मग दिल्लीहून पत्र आलं. कराराची मुदत संपली होती. नवा करार तिन्ही देशांच्या विचाराधीन होता. विचाराधीन म्हणजे काय ते नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भांडण नव्हतं, कुणाचा दोष नव्हता, कुणाची तरी सही कुठंतरी राहिली होती. महिनाअखेरीला ब्राझीलचं यंत्र आमचं गणित करणं थांबवणार, आणि आमचा डबा काढून जीपनं नागपूरला न्यायचा, असा हुकूम. शेवटच्या बुधवारी भाऊ पहिल्यांदाच पडद्यापुढं येऊन बसले आणि आफ्रिकेच्या बाईंशी जमेल त्या इंग्रजीत बोलले, "म्याडम, हिअरिंग येस. व्हेअर, नो." बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही पुसले. भाऊ उठून मिठाचं पाणी ओतायला गेले.

जीप आली ती जूनच्या तोंडावर. सकाळपासून मी वायरी गुंडाळत होते. खांब अजून उभा होता, स्पीकर चालूच होता. पडद्यावर नकाशा होता, ठिपका एकही नव्हता. जीपचा ड्रायव्हर चार वेळा येऊन घड्याळ बघून गेला. बाराच्या सुमाराला स्पीकरमध्ये चर्र झालं. भाऊंच्या हातातला पाना खाली पडला.

"माणसावर," ते म्हणाले. "जवळच आहे."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग धावत जाऊन मोपेड काढली आणि डेपोच्या फाटकाशी थांबले. तिथं रस्ता फुटतो. डावीकडे नदी, उजवीकडे टेकडी. त्यांनी दोन्हीकडे बघितलं. साठी उलटलेला माणूस, हँडलवर हात, चेहऱ्यावर लहान मुलासारखी घाई.

"कुठी, पोरी?"

मला काय माहीत? कुणालाच माहीत नव्हतं. नदीकडे ढग जरा जास्त काळा होता. पण खरं सांगायचं तर जीप थांबली होती, मला उशीर होत होता, आणि ते कुठंतरी एकदाचे जावेत असं मला वाटलं. मी नदीकडे बोट दाखवलं. ते लगेच गेले.

नदीकाठच्या गावात त्या दिवशी कुणालाच काही झालं नव्हतं. पण भाऊ आलेले बघून गावानं माणसं मोजायला घेतली. तीनदा मोजली. शेतावरच्यांना, नदीवरच्यांना घरी बोलावून पुन्हा मोजली, आणि कोण कमी आहे ते कळेना म्हणून सगळी दारं लावून बसली. टेकडीकडून नदीकाठी निरोप आला तोवर दोन तास गेले होते.

खांब उतरवून जीप निघताना मला ते कळलं, तेव्हा मी ड्रायव्हरला जीप टेकडीकडे घ्यायला लावली. कुरबुर न करता त्यानं घेतली. ऊन उतरत होतं. गावाबाहेर एका बांधाशी सगळं गाव खाली बसलेलं होतं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं मांडीवर. मधे शेणाचा खड्डा उकरलेला. खड्ड्याशेजारी विशीतला एक मुलगा उताणा, अंगावरचं शेण वाळून भेगाळलेलं. आणि त्याच्या छातीवर भाऊंचे दोन्ही हात. थांबत नव्हते. सपासप खाली जात होते, वर येत होते. गमबूट कुठंतरी निघून पडले होते. एक, दोन, तीन. आवाज बसला होता तरी सूर तोच होता.

तो मुलगा केव्हाच गार झाला होता हे मला लांबूनच कळलं. भाऊंनाही ते पहिल्यांदा हात लावताच कळलं असणार. पण त्यांना कुणी थांबवत नव्हतं. थांबवणार कसं? टेकडीच्या त्याच अंगाला ती फळी होती. काय घडलं होतं ते या सगळ्यांनी ऐकलं होतं, काहींनी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून कुणी रडत नव्हतं. सगळे वाट बघत होते.

मुलाची आई पुढच्या रांगेत बसली होती. माझ्याकडे बघून तिनं पदर सावरला, जरा सरकून जागा केली, आणि मधे बोलल्यानं काही मोडेल अशा भीतीनं अगदी हळू विचारलं, "बाई, अजून किती आकडे राह्यले?"

मी तिच्या शेजारी खाली बसले.